साहेब, दवाखान्याच्या पार्किंगचे पट्टे पावसाच्या आधी मारा म्हणलं होतं, पाऊण तास आधी नाही

मा. पालकमंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार. उजवा हात प्लास्टरमधे आहे म्हणून हे पत्र मोबाईलमधे बोलून टाईप करून रायलो. काना-मात्रा चुकला तर समजून घ्या. मोबाईलले आमची वऱ्हाडी धड समजत नाही, तुमाले समजते का नाही ते आता कळेलच.

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याले तुम्ही आमच्या तालुक्याच्या गावाले आले होते, लेकरायचे लाकडाचे बैल पाहिले, फोटो काढले. तेव्हा गर्दीत घुसून मी तुमाले दवाखान्याच्या पार्किंगचं बोललो होतो. त्याच्या आठ दिवस आधीच एका पोराले वावरात साप चावला होता, 108 गेटातून आत आली, पण समोर मोटारसायकली, दोन ऑटो, एक भाजीचा छोटा हत्ती आडवा, गाडी पोर्चपर्यंत जाईना. शेवटी त्याच्या बापानं पोराले खांद्यावर टाकून पळवत नेलं. पोरगं वाचलं, नशीब त्याचं. तुम्ही माईक हातात घेऊन म्हणले होते, "पुढच्या पावसाच्या आधी पार्किंगचं डांबर आणि पट्टे दोन्ही करून देतो, लिहून घ्या." मी लिहून घेतलं नाही, पण व्हिडिओ आहे माझ्याजवळ.

तर साहेब, शब्द पाळला तुम्ही. पावसाच्या आधीच मारले पट्टे. पाऊण तास आधी.

मृग लागून तीन-चार दिवस झाले होते. मी मायच्या बीपीच्या गोळ्या आणायले गेलो होतो, सोबत माय पण होती. दुपारचे साडेतीन वाजले असतील, पश्चिमेकडून आभाळ असं काळंकुट्ट भरून आलेलं, वारा सुटलेला, गुरं बी गोठ्याकडे वळले असतील अशी वेळ, आणि दवाखान्यात चार पोरं वाकून सुतळी धरून पट्टे मारून रायले! डांबर मे महिन्याच्या शेवटी टाकलेलं, अजून चप्पल चिकटत होती, त्याच्यावर पांढरा पेंट. मी म्हणलं, काऊन बा, पाणी येऊन रायलं, दिसत नाई का? त्यातला एक म्हणे, "काका, दिसते ना. पण आज संपवाच म्हणून सांगतलं आमाले, फोटो पाठवा लागते." त्या पोराची काही चूक नाही, रोजानं आलेला माणूस, त्याले जे सांगतलं ते त्यानं केलं.

गेटापासून पोर्चपर्यंत त्यांनी पिवळ्या रंगात मोठ्या अक्षरात 'रुग्णवाहिका' असं लिहलं होतं. अक्षर खरंच चांगलं होतं. आम्ही गोळ्या घेऊन बाहेर आलो तेव्हा पाऊस सुरू होऊन पाच-सात मिनिटं झाली असतील. ते सगळं पांढरं नालीकडे वाहून चाललं होतं, ताकाचा माठ फुटावा तसं. मायले पाठकुळी घेतलं नाही, नुसता हात धरला होता, बरं झालं. 'रुग्णवाहिका' मधल्या 'हि'वर माझा पाय पडला आणि सटकन गेला. मायले सोडून दिलं आणि उजव्या हातावर पडलो. कट् असा आवाज आला, मलेच आला ऐकू.

पडलो कुठं तर दवाखान्याच्या दारात, म्हणून लोक म्हणे नशीबवान आहे. आत गेलो तर एक्स-रेवाला माणूस त्या दिवशी नाही. डॉक्टरांनी फळी बांधून दिली, चांगले माणूस आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, आणि जिल्ह्याले पाठवलं. 62 किलोमीटर, गाडीच्या प्रत्येक गड्ड्याले मनगट सांगत होतं मी इथं आहो म्हणून. दोन हाडं. सहा आठवडे प्लास्टर.

सहा आठवडे म्हणजे काय ते तुमाले सांगतो, कारण तुमच्या डायरीत जून-जुलै म्हणजे अधिवेशन असते आणि आमच्या डायरीत पेरणी. मले पाच एकर वावर आहे, तीन एकर कपाशी, त्यात तुरीचे तासं, बाकी सोयाबीन. सरकी टोबायले दरवर्षी मी, बायको आणि दोन बाया लावतो. यंदा चार बाया लावल्या, मजुरी 300, ती बी आणायची-न्यायची सोय आपली. बियाण्याचं पाकीट 900 च्या वर गेलं. डवरा धरायले मी नाही, फवारणीचा पंप पाठीवर घ्यायले मी नाही, बैल दुसऱ्याच्या हाताले ऐकत नाही. बायको रात्री काही बोलत नाही, नुसती हिशोबाची वही उघडते आणि बंद करते. तुमच्या पट्ट्याचा खर्च किती झाला म्हणून मी विचारून पाहिलं, एक जण म्हणे चार लाख, दुसरा म्हणे सात, बोर्ड लावायचा असते कामाचा तो लावलाच नाही, तर मी साडेपाच धरतो. साडेपाच लाख पाऊण तासात म्हणजे मिनिटाले बारा हजार! मी सरकी टोबली असती तर निदान उगवून तरी आली असती.

माझा भाचा समृद्धी महामार्गावर पट्टे मारणाऱ्या टोळीत होता दोन वर्षं. त्याले फोन लावला तर तो हसायलेच लागला. म्हणे मामा, नवं डांबर असलं तर तीन-चार आठवडे थांबा लागते, त्यातलं तेल वर येत राहते, पेंट पिवळा पडते नाहीतर पापुद्रा सुटते. साध्या पेंटले कोरडी जागा, कोरडी हवा आणि पुढचे काही तास पाणी नको, दमट हवेत तो लवकर वाळतच नाही. आणि ते हायवेवर जाड पट्टे असतात ना, थर्मोप्लास्टिक, ते 180-200 डिग्रीपर्यंत तापवून ओततात, त्यात काचेची बारीक मणी टाकतात रात्री चमकायले, ते काही मिनिटात घट्ट होते, पण खाली ओल असली तर तिची वाफ होते, बुडबुडे येतात आणि पट्टा पोळीसारखा फुगून निघून येते. ओल आहे का पाहायची त्यांची पद्धत पण सोपी, प्लास्टिकचा तुकडा डांबरावर चिकटवून ठेवायचा, पंधरा-वीस मिनिटांनी खालून घाम आला का पाहायचं. घाम आला तर थांबायचं. याले इंजिनियर नाही लागत साहेब, आमची माय बी पाहून सांगेल.

मी त्याले म्हणलं मग उन्हाळ्यात मारायचे होते. तर म्हणे नवतपात दुपारी पण नाही, 45 डिग्रीत डांबर इतकं तापते की पेंट वरून सुकल्यासारखा दिसते, आतून कच्चा राहते, फोड येतात. मारायचे तर भल्या सकाळी. खरा टाईम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी-मार्च, फक्त थंडीत सकाळचं दव उडू द्यायचं, दहा-अकरा वाजता सुरुवात करायची. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने देवानं फुकट दिलेले आहेत या कामाले, आणि तुमच्या लोकायनं नेमकं मृग नक्षत्र शोधून काढलं! रस्त्याच्या पट्ट्याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं एक पुस्तकच आहे म्हणे, आयआरसी 35, जागा स्वच्छ आणि कोरडी पाहिजे हे तर त्यात पहिलंच. पण पुस्तक कपाटात, आणि कपाटाची चाबी रजेवर गेलेल्या माणसाजवळ.

मी ऑफिसात गेलो होतो विचारायले, गळ्यात हात अडकवून. तिथले साहेब म्हणे काम पूर्ण झालेलं आहे, फोटो अपलोड आहे. दाखवला पण फोटो. खरं सांगतो, फोटोत लय भारी दिसते, ओला पेंट चमकतेच ना. मी म्हणलं आता खिडकीतून पाहा. ते म्हणे निधी परत गेला असता, ऑर्डरच उशिरा निघाली. मग मार्चमधे काय करत होते तर मार्च एंड. गावात तर असं बोलतात की बिल मार्चमधेच टाकलं होतं आणि काम मागून आलं. तुम्हीच तपासा, माझ्या एका हातानं किती कागद उलटवू?

माझं डोकं हाडापेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं दुखते. मोबाईलवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी मले हवामान सल्ला येते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. फवारणी वारा शांत असताना करा. मेघदूत ॲप घ्या, दामिनी ॲप घ्या, विजा चमकताना झाडाखाली थांबू नका. आम्ही ऐकतो, चांगलंच सांगतात. घाईनं पेरलं आणि दुबार पेरणी आली तर सगळे म्हणतात शेतकऱ्यालेच घाई. पीक विम्याचा नियम होता, नुकसान झालं तर 72 तासात कळवा, 73 व्या तासाले पोर्टल बंद. महसूल मंडळात 24 तासात 65 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर अतिवृष्टी, 64 पडला तर तुमच्या वावरातलं पाणी हे बहुतेक तुमचा भ्रम आहे. एवढं काटेकोर मोजमाप आमच्यासाठी. आणि ज्याच्या हाती सरकारी पैसा, त्याले आभाळाकडे मान वर करून पाहायची पण अट नाही? आमच्या चुकीले दुबार पेरणी, त्याच्या चुकीले दुबार टेंडर. आमचा दुबारचा पैसा आमच्या खिशातून, त्याचा पण आमच्याच खिशातून. आहे की नाही कमाल!

मले नुकसान भरपाई नको, मागितली तर पंचनाम्याले कोण येईल ते माहीत आहे. दिवाळीनंतर ते पट्टे पुन्हा मारा, आणि ज्यानं मारले त्याच्याच पैशानं, दोषदायित्व कालावधी म्हणून काहीतरी असते ना कंत्राटात, त्याचा उपयोग करा. जून ते सप्टेंबर उघड्यावरचा पेंट बंद ठेवा जिल्ह्यात, एक ओळीचा आदेश आहे, सहीले किती वेळ लागते. तोपर्यंत 108 च्या जागेवर निदान चार ड्रम ठेवून दोरी तरी बांधा, सापाचे दिवस आहेत. आणि तुमच्या इंजिनियर साहेबांचा व्हॉट्सॲप नंबर द्या, मंगळवार-शुक्रवारचा मेसेज मी त्यांना डाव्या हातानं फॉरवर्ड करत जाईन.

तुमचा,
पाच एकरवाला एक मतदार

ता.क. काल हात दाखवायले गेलो होतो. 'रुग्णवाहिका' मधला 'रु' आणि शेवटचा काना तेवढा शिल्लक आहे. काना नीट दिसला नाही, त्याच्यावर शासनाची पाटी लावलेली बोलेरो उभी होती.