तूप कमी पडलं म्हणून नाही

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तिला रोज बळंच तूप चारतो, तरी हात वाळतच चाललेत." मला तेव्हा बोलताच आलं नाही. आईचं खाणं कमी पडलेलं नाही आणि तुम्हीही कुठे कमी पडलेला नाहीत. हे तिच्या स्क्लेरोडर्मामुळे होतंय, कातडी टणक करणाऱ्या त्या आजारामुळे.

दिवाळीत आईच्या हाताला तेल लावताना मी तिच्या पंजाची कातडी चिमटीत धरून पाहिली. धरताच येईना, हाडाला खळीनं चिकटवल्यासारखी घट्ट. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी अंगावर १७ ठिकाणी हेच केलं होतं, आठवतं? प्रत्येक जागेला ० ते ३ गुण देतात. कातडी किती जाड झाली ते त्यावरून कळतं.

कातडीखाली चरबीचा थर असतो, गादीतल्या कापसासारखा. स्क्लेरोडर्मात तो आटतो आणि त्या जागी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे टणक तंतू साचतात. कापूस उपसून काथ्या भरावा, तसं. २०१५ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की चरबी आधी जाते, कातडी मागून जाड होते; आणि ज्यांच्यापासून चरबीच्या पेशी व्हायच्या, त्यांतल्याच काही पुढे वणाचे तंतू विणणाऱ्या पेशी बनतात. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. तूप साठवायला तिथं घरच उरत नाही, बाबा. तिला आवडेल तेवढंच वाढा, ताटावर रागावू नका.

आई, "सून नाही, खायला करणार कोण" असं गल्लीतल्या बाया म्हणतात ते मनाला लावून घेऊ नकोस. परभणीची थंडी वाढलीय, तुझी बोटं पांढरी, मग निळी पडतात. पहाटे गार पाण्यात हात घालू नकोस, आणि मिशेरी सोड. तंबाखूनं रक्तवाहिन्या आणखी आवळतात.

सगळ्यात महत्त्वाचं: सांधे दुखतात म्हणून दुकानातून पुडीतल्या गोळ्या आणू नका. त्यांत स्टिरॉइड असू शकतं, आणि या आजारात त्याची मोठी मात्रा किडनीवर उठू शकते. बीपी घरीच मोजा, वहीत लिहा. एकदम वाढलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, मग मला.

मी संक्रांतीला येते. भाकरी मी थापीन.

तुमची लेक