बाबांच्या पासपोर्टातली एक ओळ : परराष्ट्रमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझे वडील बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. मागच्या दिवाळीत माळा आवरताना त्यांची पत्र्याची पेटी खाली काढली, तर तळाशी जुना पासपोर्ट सापडला. तो कोणकोणत्या देशांत चालेल हे जिथे लिहिलेलं असतं, त्या पानावर टाइपरायटरने एक ओळ घातली होती : दक्षिण आफ्रिका वगळून. सुएझ कालवा बंद होता त्या वर्षांत बोटी दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून जात. "रात्री किनाऱ्यावरचे दिवे दिसायचे, पण तिथे आपण उतरायचं नाही," असं बाबा सांगायचे. का, ते विचारलं की म्हणायचे, "काळ्यागोऱ्यांचं काहीतरी आहे. आपल्या सरकारने ठरवलंय." विषय संपला! राजकारणात त्यांना काडीचा रस नव्हता, पण हा नियम ते घरचा असल्यासारखा पाळत.

ती ओळ पासपोर्टात कुठून आली, हे शोधत गेलो आणि १९४६ सालापाशी येऊन थांबलो. हे पत्र त्यासाठीच आहे.

त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांच्या सरकारने तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांनी जमीन कुठे घ्यावी, कुठे राहावं, यावर बंधनं घालणारा कायदा केला. लोक त्याला 'घेट्टो कायदा' म्हणत. १३ जूनला डर्बनमध्ये गेल स्ट्रीट आणि उंबिलो रोडच्या कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत सत्याग्रहींनी तंबू ठोकले. गोरे टोळभैरव रात्री येऊन तंबू पाडत, सकाळी ते पुन्हा उभे राहत. पुढे सुमारे २,००० जण तुरुंगात गेले.

आणि २२ जूनला भारताने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नोंदवली. तारीख बघा. नेहरूंचं हंगामी सरकार यायला अजून सव्वादोन महिने होते. तक्रार केली ती व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाने आणि त्यात राष्ट्रकुल संबंधांचं खातं होतं नागपूरच्या डॉ. नारायण भास्कर खऱ्यांकडे. काँग्रेसशी त्यांचं १९३८ मध्येच फाटलेलं आणि पुढे ते हिंदू महासभेत गेले. म्हणून असेल कदाचित, पण हे श्रेय त्यांना कुणी देत नाही. त्यांच्या राजकारणाशी माझं जमणं शक्य नाही, पण जे केलं ते केलं. दक्षिण आफ्रिकेतून माघारी बोलावलेले आपले हाय कमिशनर रामराव देशमुख हेही विदर्भातलेच. आमच्या शाळेच्या पुस्तकात या दोघांपैकी एकाचंही नाव नव्हतं.

त्याच मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. अमेरिकेतल्या निग्रो लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचून त्यांनी त्याच सुमारास तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं आणि अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांसाठीही तसंच काही करावं, असं त्यांच्या मनात होतं.

जुलैत भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. आपल्या निर्यातीचा पाच टक्क्यांहून मोठा वाटा तिकडे जात होता. त्यात मुख्य माल गोणपाटाचा, म्हणजे झळ कलकत्त्याच्या ज्यूट गिरण्यांना बसणार होती. ती सोसून मग न्यूयॉर्कला बोलायला गेलो. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

तिथे आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित, म्हणजे आमच्या कोकणातल्या बांबुळीच्या पंडितांची सून. पती रणजित पंडित तुरुंगवासाने खंगून १९४४ मध्ये गेलेले. समोर साक्षात स्मट्स, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना लिहिण्यात ज्यांचा हात होता ते! हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, संयुक्त राष्ट्रांनी नाक खुपसू नये, हा त्यांचा मुद्दा. वर टोमणाही होताच : तुमच्याकडची अस्पृश्यता आणि दंगली आधी बघा. टोमणा खोटा नव्हता. पण आपल्या घरात घाण आहे म्हणून दुसऱ्याच्या अन्यायावर बोलायचं नाही, हे आपण तेव्हा मानलं नाही.

८ डिसेंबर १९४६ ला दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीवरचा ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी, दोन-तृतीयांश बहुमताने मंजूर झाला. सात देश तटस्थ राहिले. त्यानंतर बाई स्मट्सकडे गेल्या आणि बोलण्यात काही लागलं असेल तर क्षमा करा म्हणाल्या. त्यांना तसं गांधीजींनी सांगून ठेवलं होतं. तुझा हा विजय पोकळ आहे, यापायी माझी सत्ता जाईल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही, अशा अर्थाचं म्हातारा बोलला. १९४८ मध्ये त्याची सत्ता गेली आणि आला मलान, उघड वर्णभेद घेऊन. म्हणजे स्मट्सचं निम्मं खरं ठरलं. उरलेल्या निम्म्याचं उत्तर मिळायला १९९४ साल उजाडावं लागलं, तेव्हा कुठे तिथली वर्णभेदी राजवट संपली. तोवर आपण १९५२ मध्ये आणखी १२ देशांना घेऊन खुद्द वर्णभेदाचा प्रश्न आमसभेपुढे नेला होता आणि १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस कपचा दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा अंतिम सामना न खेळता सोडून दिला होता. अमृतराज बंधूंचं काय झालं असेल तेव्हा!

महोदय, हे सगळं परोपकार म्हणून सांगत नाही. १८ डिसेंबर १९६१ ला आपलं सैन्य गोव्यात शिरलं आणि त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं. हा वसाहतवादाचा शेवटचा अवशेष आहे, ही बाजू संयुक्त राष्ट्रांतले आपले प्रतिनिधी चं. शे. झा यांनी मांडली. भारताने माघार घ्यावी या ठरावाला सात मतं पडली, विरोधात चार : सोव्हिएत संघ, सिलोन (आजची श्रीलंका), संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) आणि लायबेरिया. ठराव पडला तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे, हे खरंच. पण सिलोन, इजिप्त आणि लायबेरिया हे आशिया-आफ्रिकेतले तीन देश आपल्या बाजूचे निघाले. पंधरा वर्षं आपण त्यांच्या प्रश्नावर बोललो होतो, हे ते विसरले नव्हते.

आजही आपण बोलत नाही असं नाही. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या बाबतीत २२ मे २०१९ ला आमसभेत आपण ब्रिटनविरुद्ध मॉरिशसच्या बाजूने मत दिलं. मॉरिशसमध्ये आमचे मराठी लोक पिढ्यान् पिढ्या आहेत, पण इथे किती जणांना ही बातमी कळली? याउलट २७ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या युद्धविरामाच्या ठरावावर आपण तटस्थ राहिलो आणि १२ डिसेंबरला तशाच मागणीला होकार दिला. दोन्हींमागे कारणं असतील. ती आपले प्रतिनिधी तिकडे इंग्रजीत सांगतात आणि इकडे आम्ही चॅनेलवरची भांडणं ऐकतो. तटस्थ राहण्याला माझा सरसकट विरोध नाही. पण का राहिलो ते आमच्या भाषेत सांगा, म्हणजे पटलं नाही तर तसं म्हणता तरी येईल.

८ डिसेंबर २०२६ ला त्या ठरावाला ८० वर्षं होतात. तोवर १९४६ चा खरे आणि देशमुख यांचा पत्रव्यवहार, विजयालक्ष्मीबाईंची भाषणं आणि झा यांचं गोव्यावरचं भाषण मराठीत आणि कोकणीत छापून सार्वजनिक ग्रंथालयांत पाठवावं, ही विनंती. आणि यापुढे भारताचं मत ज्या दिवशी पडेल, त्याच दिवशी त्यामागचं निवेदन आपल्या मंत्रालयाने मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत द्यावं. पानभर मजकूर असतो, फार खर्च नाही.

बाबांचा पासपोर्ट मी आता कपाटात ठेवला आहे. पुस्तकात छापायला ते पान लागलं, तर प्रत पाठवून देईन.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातला एक मतदार