सूप वर उचलता येत नव्हतं

निपाणी, रविवार

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण माझा फोन आला की तू तो कान आणि खांद्याच्या मध्ये दाबतेस आणि दोन्ही हातांनी काम चालूच ठेवतेस. बटणांची टकटक मला इकडे ऐकू येते. मानेबद्दल सांगायचं आणि त्या पायीच तुझी मान अर्धा तास वाकडी ठेवायची, हे पटेना. म्हणून पत्र. हेही मांडीवर ठेवून वाचू नकोस, डोळ्यांसमोर धर.

दिवाळीत तू चार दिवस आलीस. पाडव्याच्या दुपारी मी चहा घेऊन आत आले, तर तू कॉटवर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होतीस. पाठ माझ्याकडे. खांदे पुढे गोळा झालेले, डोकं पडद्याकडे काढलेलं, आणि मानेच्या मुळाशी, साखळी टेकते तिथलं हाड वर आलेलं. मी कप हातात धरून तशीच उभी राहिले. ती बैठक मी ओळखते. तशीच बसून मी 21 वर्षं विड्या वळल्या. मग तू डावा हात मागे नेलास, न बघता एक शीर दाबलीस आणि परत कामाला लागलीस. मी दाबायचे तीच जागा, बाळ.

तुला सूप आठवतं ते पानांच्या कातरणांपायी, ती घेऊन तू भातुकली मांडायचीस. मला आठवतो तो उजेड. उंबऱ्याशी बसायचं, सूप मांडीवर, भिजवलेली पानं पत्र्याच्या मापानं कातरायची, चिमूटभर जर्दा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. दिवसाला हजाराचा हिशेब. ऊन कललं की दोरा दिसायचा नाही, मग मान आणखी खाली. संध्याकाळी उठताना डोकं सरळ करायला हाताचा आधार लागायचा. आम्ही बायका याला दुखणं म्हणतच नव्हतो. 'मान धरलीय' म्हणायचं, बाम चोळायचा आणि भाकरी थापायला बसायचं, म्हणजे पुन्हा वाकायचंच.

आधी नुसती मान दुखायची. मग खांद्यापासून फऱ्यापर्यंत ओढ लागायला लागली. मग मानेच्या मागून निघून डोळ्यापर्यंत येणारी डोकेदुखी, तिला मी चष्म्याचा नंबर वाढलाय असं समजत होते. इलाजही चुकतच गेले. एका डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला तो थोड्या दिवसांसाठी होता. मी बरं वाटतंय म्हणून तीन महिने काढलाच नाही, आणि आयत्या आधारानं मानेचे स्नायू आणखी ढिले पडले. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून एकाकडे मान मोडून घ्यायला गेले. त्यानं हनुवटी धरून हिसका दिला. कडकन आवाज झाला, घटकाभर हलकं वाटलं, आणि रात्री डोकं उशीवर टेकवेना. मेंदूला रक्त नेणाऱ्या रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात आणि अशा हिसक्यानं त्या फाटू शकतात, हे मला फार उशिरा कळलं. क्वचितच होतं, पण झालं तर पक्षाघातापर्यंत जातं. पुण्यात पार्लरमध्ये नाहीतर मालिश करताना कुणी 'मान मोडून देऊ का' म्हणालं, तर तिथून उठून ये.

बोटांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा मावशीनं मला बेळगावला, शहापुरात तिच्याकडे पंधरा दिवस ठेवून घेतलं. तिथं एक फिजिओथेरपिस्ट बाई भेटल्या, गोकाककडच्या. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कन्नड. मी जरा पुढे झुकले की, 'अक्का, कुत्तिगे नेट्टगे!' कुत्तिगे म्हणजे मान, नेट्टगे म्हणजे ताठ. अजून भांडी घासताना तो आवाज कानात येतो. पहिल्या दिवशी मी रडतच गेले होते, कारण एक्स-रेच्या कागदावर 'झीज' लिहिलेलं. त्या म्हणाल्या, चाळिशीनंतर अशी झीज ज्यांना काही दुखत नाही त्यांच्याही फोटोत दिसते, घाबरायचं नाही. माझ्या हाताची ताकद तपासली, मुंग्या कुठवर जातात ते विचारलं, आणि मग समजावून सांगितलं.

त्यांनी विचारलं, 'पाण्याची कळशी कमरेवर घेऊन किती लांब जाल? आणि तीच हात लांब करून पुढे धरली तर?' माणसाचं डोकं साधारण 5 किलोचं. ते खांद्यांच्या बरोबर वर असलं की मानेचे 7 मणके त्याला तोलून धरतात, स्नायूंना फार ताण पडत नाही. डोकं पुढे गेलं की मागच्या स्नायूंना ते लगामासारखं ओढून धरावं लागतं. 2014 साली अमेरिकेतल्या एका मणक्याच्या सर्जननी याचं गणित मांडलं. मान 15 अंश वाकली की तिच्यावर 12 किलोच्या आसपास भार येतो, 60 अंश वाकली की 27 किलोच्या. हे संगणकावरचं गणित आहे, कुणाच्या मानेत काटा लावून मोजलेलं नाही, हेही बाईंनी सांगितलं. पण 27 किलो म्हणजे अर्ध्या पोत्याहून जास्त. तू रात्री मोबाइल पोटावर धरून बघतेस तेव्हा मान जवळपास तेवढीच वाकलेली असते.

आणि वाकणं वाईट नाही, असंही त्या म्हणाल्या. मान वाकायसाठीच आहे. ती तासन्‌तास एकाच जागी अडकवून ठेवली की स्नायू आवळलेलाच राहतो, थकतो, गाठ धरतो. अगदी ताठ बसून चार तास हलली नाहीस तरी दुखेल.

मी त्यांना विचारलं, मग मी काय करायला हवं होतं? त्या जरा वेळ बोलल्याच नाहीत. सूप डोळ्यांपर्यंत वर उचलून विड्या वळता येत नाहीत. दर अर्ध्या तासानं उठले असते तर हजार भरले नसते आणि तुझी फी भरली गेली नसती. त्याचं मला दुःख नाही. पण तुझा पडदा वर उचलता येतो, बाळ. आणि पाच मिनिटं उठलीस म्हणून तुझा पगार कुणी कापत नाही. एवढ्यासाठीच हे सगळं लिहितेय.

तर कॉटवर काम करणं बंद. टेबल-खुर्ची घे. पडद्याची वरची कड तुझ्या डोळ्यांच्या रेषेत आणि पडदा हातभर लांब. लॅपटॉप उंच ठेवला की त्यावर टाइप करताना खांदे वर चढतात, म्हणून की-बोर्ड आणि माउस वेगळे हवेत. कोपरं अंगाजवळ, पाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला लावलेली. अर्ध्या तासाचा गजर लाव आणि वाजला की ऊठ, पाणी पी, गॅलरीत जाऊन ये.

व्यायाम मी अजून रोज करते ते सांगते. भिंतीला पाठ लावून उभी राहा. समोर बघत, मान खाली न घालता हनुवटी सरळ मागे ने, मागचं डोकं भिंतीकडे ढकलल्यासारखं. पाच मोजेपर्यंत धर, सोड. असं दहा वेळा. आरशात दुहेरी हनुवटी दिसते, दिसू दे. पहिल्या आठवड्यात मला काहीच फरक वाटला नव्हता, तिसऱ्या आठवड्यात सकाळी मान न धरता उठले. मग दोन्ही फरे मागे एकमेकांकडे ओढायचे, तसेच पाच मोजायचे. दाराच्या चौकटीला दोन्ही हात कोपरापासून टेकवून एक पाऊल पुढे टाकलं की छातीपुढचे आखडलेले स्नायू सुटतात, तिथं 20-30 सेकंद थांबायचं. झटके द्यायचे नाहीत. ताण जाणवू दे, कळ येऊ देऊ नकोस.

रात्री गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं शेक. पोटावर झोपायची तुझी सवय सोड, त्यात मान रात्रभर पिळलेली राहते. कुशीवर झोपशील तर उशी कान आणि खांदा यांच्यामधली जागा भरेल एवढी उंच हवी.

एक मात्र माझ्यासारखं अंगावर काढू नकोस. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा आला, हातातून वस्तू निसटायला लागली, चालताना तोल जायला लागला, मानेसोबत ताप आला, किंवा कुठं पडून-आपटून मान दुखली, तर व्यायाम करत बसायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. लघवी-संडासचा ताबा बिघडला तर त्याच घडीला. मला विचारायला फोनसुद्धा करू नकोस.

आजीचा सागवानी पाट आहे ना, त्याला मी सुताराकडून वीतभर उंचीचे पाय लावून घेतलेत. वरून घासून तेलपाणी केलंय, लॅपटॉपला पुरून दोन बोटं जागा उरते. शुक्रवारी गल्लीतली गाडी पुण्याला यायची आहे, तिच्यातून पाठवते. की-बोर्डाचे पैसे मी टाकते, त्यावर वाद घालू नकोस. सगळं मांडलंस की खुर्चीत बस आणि तुझ्या मैत्रिणीला बाजूनं एक फोटो काढायला सांग. कान खांद्याच्या बरोबर वर येतो का, ते मला बघायचंय.

तुझी,
आई