भाजीची झाली माजी: ३२ घनतेचा म्हणून आलेला हलका फोम आणि फोम खाणारा प्रायमर

कराड, दि. २६ मे २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: एक्सपीएस (घट्ट पॉलिस्टायरीन) फोमच्या चार शीट आणि एक लिटर प्रायमर सदोष आल्याबाबत, २१ एप्रिलच्या तक्रारीचं अजून निवारण नसल्याबाबत.

महोदय / महोदया,

मी बोर्ड रंगवणारा पेंटर आहे. वडीलही पेंटरच होते. फ्लेक्स आला आणि ब्रशचं काम बसलं, मग मी थर्माकोलची मखरं करू लागलो. २०१८ च्या बंदीनंतर तेही संपलं. आता फोममध्ये अक्षरं कोरून दुकानांच्या पाट्या करतो. ज्याला अ‍ॅक्रेलिकची दिव्यांची अक्षरं परवडत नाहीत आणि फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत विटतो हे ज्याला माहीत आहे, असं गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. २०२२ साली दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली तेव्हापासून काम थोडं वाढलं आहे. हे लिहायचं कारण एवढंच, की आपल्या मालाचा मला हौसेसाठी नाही, पोटासाठी उपयोग आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला आपल्याकडून ५० मिलिमीटर जाडीच्या, १२५० बाय ६०० मापाच्या चार शीट मागवल्या. प्रत्येकी ५६० रुपये. जाहिरातीत आणि बिलावर दोन्हीकडे घनता ३२, म्हणजे घनमीटरला ३२ किलो, लिहिली आहे. सोबत आपलाच प्रायमर, ७९० रुपये, डब्यावर ‘फोम सेफ, वॉटर बेस्ड’. माल ११ तारखेला मिळाला. चारही शीटचा रंग सारखा, छपाई सारखी, आवरण सारखं.

काम होतं पोळी-भाजी केंद्राच्या पाटीचं. एक ताई घरगुती डबे करायच्या, त्यांनी गाळा घेतला, अक्षय तृतीयेला उद्घाटन. ठरलेली रक्कम ३,५०० रुपये. मी आधी पूर्ण आकारात कागदावर अक्षरं काढतो, टाचणीनं रेघेवर भोकं पाडतो आणि पावडरची पुरचुंडी फिरवून ठसा फोमवर उतरवतो, वडील भिंतीवर करायचे तसंच. मग बाहेरचा आकार तापलेल्या नायक्रोमच्या तारेनं आणि आतली धार राउटरनं, म्हणजे फिरत्या पात्याच्या कोरायच्या यंत्रानं. देवनागरीत एक सोय आहे. शिरोरेषा सगळा शब्द धरून ठेवते, इंग्रजीसारखं एकेक अक्षर मोजून चिकटवावं लागत नाही. पण त्या बदल्यात ळ, भ, द्र अशा अक्षरांत बोटाएवढे नाजूक भाग राहतात, आणि तिथे फोम घट्ट नसेल तर सगळं मुसळ केरात.

‘पोळी’ पहिल्या शीटमधून कोरली. ळ ची दोन्ही वळणं लोण्यातून सुरी फिरावी तशी निघाली. ‘भाजी’ला तिसरी शीट घेतली तर राउटरखाली भुगा पडायच्या ऐवजी लचके तुटायला लागले. आधी वाटलं बिट, म्हणजे राउटरचं पातं, बोथट झालं, म्हणून नवीन लावलं. तरी तेच. भ च्या डावीकडची गाठ निखळून हातात आली. गाठ गेल्यावर भ चा काय होतो हे सांगायला नको. शेजारचा सलूनवाला येऊन म्हणाला, “पेंटर, हे पोळी-माजी केंद्र कुठल्या नगरसेवकाचं?” तेव्हा हसलो. नंतर हसू आलं नाही.

मी कापलेले तुकडे गोळा करून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले आणि प्रत्येक शीटच्या ढिगाचं वजन केलं. हिशेब आपल्यालाही करता येईल. या मापाच्या शीटचं आकारमान ०.०३७५ घनमीटर, म्हणजे ३२ घनतेला वजन १.२ किलो हवं. पहिल्या दोन शीट ११९० आणि ११९५ ग्रॅम, भुगा धरला तर बरोबर. तिसरी आणि चौथी ८२० च्या आसपास, म्हणजे घनता २२ च्या थोडी खाली. भुग्यात चाळीसेक ग्रॅम गेला म्हटलं तरी २३ च्या वर जात नाही. चांगला माल आपल्याकडे आहे, हे पहिल्या दोन शीटच सांगतात. म्हणूनच ही मला साधी चूक वाटत नाही, पण तो आपला प्रश्न. दोन शीटमधला फरक नुसत्या अंगठ्यानंही कळतो. पहिलीवर दाबलं तर नखाची खूण राहते, तिसरीत अंगठा आत जातो.

तरीही पाटी गेली नसती. भ ची गाठ मी उरलेल्या घट्ट तुकड्यातून कोरून पांढऱ्या फेविकॉलनं बसवली, सांधा पॉलिश पेपरनं घासला. खरं वाटोळं झालं ते प्रायमरनं. २० तारखेच्या रात्री पहिला हात दिला. वास आला थिनरसारखा, पण डब्यावर लिहिलंय म्हणून मारत गेलो. (इथे माझीही चूक आहे. आधी भंगार तुकड्यावर लावून बघायचं, हे वडिलांनी शिकवलेलं मी त्या रात्री विसरलो.) सकाळी शटर उघडलं तर ‘पोळी’च्या घट्ट फोमलासुद्धा देवीच्या व्रणांसारखे खड्डे. ‘केंद्र’चा अनुस्वार आक्रसून वाटाण्याएवढा झालेला, द्र ची खालची रेघ चघळल्यासारखी.

मग वाटीभर पाण्यात चमचाभर प्रायमर टाकून ढवळला. पाण्याचा असता तर दुधासारखा मिसळला असता. हा वर तवंग धरून बसला. त्यातलेच दोन थेंब कोऱ्या फोमवर टाकले, बारीक फस् असा आवाज आला आणि डोळ्यांदेखत खळगा पडला. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांनी पॉलिस्टायरीन विरघळतो हे आमच्या धंद्यातलं पोरगंही जाणतं. म्हणून तर आम्ही स्प्रेचा डबा फोमजवळ नेत नाही. ज्या डब्यावर ‘फोम सेफ’ छापलंय त्यात तेच भरलेलं असेल तर माणसानं विश्वास कशावर ठेवायचा?

२१ तारखेलाच फोटोंसकट तक्रार केली. ग्राहक सेवेतून चॅटवर तीन गोष्टी कळवल्या गेल्या. एक, “फोममध्ये थोडाफार फरक असतोच.” १२०० च्या जागी ११९० ग्रॅम आलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं, पण इथे ऐवजच तिसऱ्या हिश्शानं कमी आहे. दोन, “कापलेला माल परत घेतला जात नाही.” घनतेचा दोष कापल्याशिवाय कळत नाही हो! शीट न कापता मी ती शोकेसमध्ये ठेवायची होती का? तीन, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. पार्सल फुटलेलं नव्हतं, त्या व्हिडिओत काय दिसणार? शेवटी दहा टक्के सवलतीचं कूपन आलं. त्यानंतर शांतता.

ताईंची पाटी मी पुण्याहून दोन शीट आणि साध्या अ‍ॅक्रेलिक प्रायमरनं पुन्हा केली. उद्घाटनाला कापडी बॅनर लावावा लागला, पाटी चार दिवसांनी चढली. त्या काही बोलल्या नाहीत, उलट जेवायला घातलं. मीच ५०० रुपये कमी घेतले.

माझं म्हणणं असं: चार शीटचे २,२४०, प्रायमरचे ७९०, पुण्याहून मागवलेल्या मालाचं भाडं ३०० आणि गिऱ्हाइकाला सोडलेले ५००, असे एकूण ३,८३० रुपये ज्या खात्यातून पैसे दिले त्याच खात्यात परत मिळावेत. कूपन नको. त्या प्रायमरची विक्री डब्यावरचा मजकूर तपासून होईपर्यंत थांबवावी, कारण दुसरा पेंटरही वाचूनच मारणार आहे.

ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. महिना उलटून पाच दिवस झाले. मी धंद्यासाठी माल घेतला म्हणून ग्राहक नाही, असं कृपया कळवू नये. स्वतःच्या कष्टावर पोट भरणाऱ्यानं उपजीविकेसाठी घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसतो. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि नंतर सातारच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तिथे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही.

चारही शीटचे तुकडे, निखळलेली भ ची गाठ आणि अर्ध्याहून जास्त भरलेला प्रायमरचा डबा मी जपून ठेवला आहे. तपासायला माणूस पाठवायचा असेल तर गुरुवार सोडून कधीही पाठवा, त्या दिवशी आमच्याकडे बाजार असतो. काटा समोरच्या दुकानात आहे.

आपला ग्राहक,
एक पेंटर, कराड

सोबत: बिलाची प्रत, काट्यावरचे चार फोटो, पाण्याच्या वाटीचा फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट.