बायॉलॉजी येत नाही म्हणून?

चि. मिहीर,
अनेक आशीर्वाद.

जनुकांच्या संख्याशास्त्रातली पीएचडी अर्ध्यात सोडून, मास्टर्स पदरात पाडून नोकरी बघायची असेल तर खुशाल बघ, घरातून कुणी आडकाठी करणार नाही. पण ‘मला बायॉलॉजी येत नाही’ हे कारण काही मला पटलं नाही.

आपले थोर संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव १९४६ साली केंब्रिजला गेले ते गणित आणि संख्याशास्त्राच्या पदव्या घेऊन. काम मिळालं संग्रहालयात, सुदानमधल्या जुन्या सांगाड्यांच्या मापांचं. शिवाय संख्याशास्त्र आणि जनुकशास्त्र दोन्हींत मुरलेल्या फिशरच्या प्रयोगशाळेत उंदरांची पैदास करायची आणि कुठलं जनुक गुणसूत्रावर कुठे बसलंय ते काढायचं. शिकलेच ना!

वर्गातली मुलं दुपारभरात तयार सॉफ्टवेअर पॅकेज चालवून आलेख काढतात आणि तू गणितातच अडकतोस म्हणालास. अडक की. डीएनएवरच्या दहा लाख जागा तपासायच्या, तर योगायोगानेच काही जुळतील, म्हणून नेहमीच्या ०.०५ च्या मर्यादेला दहा लाखांनी भागायचं आणि ०.०००००००५ ची मर्यादा धरायची, एवढं पॅकेजलाही येतं. पण उद्या कोकणातले भात खाणारे आणि सोलापूरकडचे भाकरी खाणारे घेऊन त्यांचे डीएनए ताडलेस आणि नमुना पुरेसा मोठा असला, तर ‘भाकरीचं जनुक’सुद्धा या मर्यादेत चोख बसेल. त्याचा भाकरीशी काडीचा संबंध नसेल. दोन्हीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यात लग्नं करत आली, एवढंच ते सांगत असेल. हे हेरायला कोण कुणात सोयरीक करतं याची जाण लागते. ती सिॲटलमधल्या तुझ्या सोबत्यांपेक्षा तुला जास्त आहे.

घरचंच घे. आजीचं लग्न आतेभावाशी झालं, म्हणजे बाबांचा अंतःप्रजनन गुणांक १/१६. सोळांतल्या सरासरी एका जागी त्यांच्या जनुकाच्या दोन्ही प्रती (आईकडची आणि वडिलांकडची) एकाच पूर्वजाकडून आलेल्या. (त्यांना सांगितलं तर म्हणाले, “तरीच!”) माझं माहेर नात्याबाहेरचं, म्हणून तुझा गुणांक शून्य. एका पिढीत पाटी कोरी.

यूके बायोबँकेत, म्हणजे ब्रिटनमधल्या आरोग्य आणि डीएनएच्या माहितीच्या साठ्यात, पाच लाख माणसं आहेत, पण बहुतेक युरोपीय वंशाची. त्यावरून बांधलेले आजाराच्या जोखमीचे अंदाज आपल्या लोकांना तितके लागू पडत नाहीत. आता जीनोमइंडिया या आपल्याकडच्या प्रकल्पात इथल्या सुमारे १०,००० जणांचे जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचून झालेत. त्यावर बसायला माणसं नकोत?

गाइड निवडताना नाव बघू नकोस, मसुदा वाचून परत कोण देतं ते सीनियर मुलांना विचार. आणि पीएचडीच्या क्वालिफाइंग परीक्षेचा निकाल लागेपर्यंत नोकरीचे अर्ज भरू नकोस, एवढं माझं ऐक.

वसुधामावशी पुढच्या महिन्यात तिकडे निघत्येय. मेतकूट देऊ का भाजणी, ते कळव.

तुझी,
आई