फवारणीने न आवरणारी करडी बुरशी: पणनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पणनमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी दादरला डच गुलाबाचा व्यापार करतो. लग्नसराईत मावळातून माल येतो आणि त्याच्यासोबत पाकळ्यांवरचे बारीक डागही. आज टिपक्याएवढा डाग, दोन दिवसांत पाकळी तपकिरी, मग कळीवर राखाडी लव. शेतकरी म्हणतो व्यापाऱ्याने माल सांभाळला नाही, व्यापारी म्हणतो शेतकऱ्याने फवारलं नाही. शेवटी भाव पाडून वाद मिटतो.

ही करडी बुरशी, शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया. गुलाबावर येणारी दुसरी बुरशी, भुरी, जिवंत पेशींवर पोसते. ही आधी पेशी मारते, मग त्यांवर जगते. म्हणून गळलेल्या पाकळ्या, छाटणीचा कचरा, काडीची जखम ही तिची ठाणी. तिथून कोरडे बीजाणू वाऱ्यावर उडतात, पण रुजायला काही तास ओल लागते. साधारण २० अंश तिला मानवतं, तिशीपुढे ती मंदावते. मग मुंबईच्या उकाड्यात तिचं फावतं कसं? शीतगृहात २ अंशांवरही ती संथपणे वाढत असते, आणि तो थंड बॉक्स दमट बाजारात उघडला की फुलांना घाम सुटतो. तिला हवी ती ओल आपणच पुरवतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत तर ती फुलोऱ्यातच शिरून फळ पिकेपर्यंत दडून बसते. पनेट (स्ट्रॉबेरीची प्लास्टिकची छोटी डबी) ग्राहकाच्या घरी गेल्यावर उघडी पडते.

औषधं आहेत. पण एकाच गटाचं बुरशीनाशक सारखं मारलं की ही फार लवकर त्याला दाद देईनाशी होते. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या गटाबाबत जगभर हेच झालं. तेव्हा अनुदानावर आणखी औषधं वाटून प्रश्न सुटला असं कृपया समजू नये.

बाजाराला लागून माल उतरवायला एक बंदिस्त, कोरडी खोली द्या, जिथे बॉक्स न उघडता हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतील. सडका माल त्याच दिवशी उचलला जावा. (आमचे व्यापारी बंधूही कमी नाहीत: डागी पाकळ्या खुडून ताज्या मालाच्या पायथ्याशीच टाकतात. त्यांना दंड करा, मी तक्रार करणार नाही.) पॉलिहाऊसवाल्यांना संध्याकाळी पडदे सोडण्याआधी आतली दमट हवा बाहेर काढायला सहायक कृषी अधिकाऱ्यांनी शिकवावं, याला खर्च जवळपास नाही.

पाहणीला यायचं तर पहाटे चारला या. दहा वाजता माल विकलेला आणि कचरा कोपऱ्यात ढकललेला असतो.

आपला,
दादरचा एक फूलव्यापारी