मुक्त सर्किट सॉफ्टवेअरचे सांधे आवळा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुक्त सॉफ्टवेअरचा विषय निघाला की वर्तमानपत्रांतली चर्चा लिनक्स आणि ऑफिस पॅकेजवरच थांबते. सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरकडे कुणी वळत नाही. मी सर्किट बोर्ड डिझाइन करते, त्यासाठी रोज किकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर वापरते आणि नवशिक्यांना शिकवतेही. म्हणून हे पत्र.

आधी श्रेय. ज्याँ-पिएर शारास यांनी 1992 मध्ये किकॅड सुरू केले. पुढे सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेच्या अभियंत्यांनी त्यात मोलाची भर घातली. बोर्डवर नवा ट्रॅक (तांब्याची रेघ) ओढताना शेजारचे ट्रॅक आपसूक बाजूला सरकतात, ती सोय त्यांचीच. 2019 पासून हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. पूर्वी स्कीमॅटिकमधून (सर्किटच्या आकृतीतून) नेटलिस्टची, म्हणजे कोणता पाय कशाला जोडला त्या यादीची, फाइल काढायची, ती बोर्डच्या खिडकीत नेऊन उघडायची, आणि काही बदलले की पुन्हा पहिल्यापासून. आता एफ-8 दाबले की काम झाले. त्यामुळे हौशी लोकांचे खेळणे म्हणून त्याला हिणवणाऱ्यांशी माझे जमत नाही.

माझी तक्रार सोयी कमी आहेत अशी नाहीच. दोन सोयींच्या मधला सांधा वापरणाऱ्याच्या भरवशावर सोडलेला असतो, ही आहे.

साधा ट्रान्झिस्टर घ्या. सॉफ्टवेअरमध्ये त्याची तीन रूपे असतात: स्कीमॅटिकमधले चिन्ह, बोर्डवरचा फूटप्रिंट (भाग बसवायच्या जागेचा आराखडा) आणि सिम्युलेशनचे, म्हणजे सर्किट संगणकावर चालवून पाहायचे, मॉडेल. हे मॉडेल चालवते एनजीस्पाइस हा सिम्युलेशनचा प्रोग्रॅम. बर्कली विद्यापीठाच्या स्पाइसचा हा वंशज, आणि मूळ स्पाइस 1973 चे. स्पाइसच्या ओळीत ट्रान्झिस्टरच्या तीन टोकांचा क्रम ठरलेला: कलेक्टर, बेस, एमिटर. बीसी547 या ट्रान्झिस्टरच्या पायांचा क्रमही तोच. पण 2एन3904 मध्ये पहिला पाय एमिटरचा आणि तिसरा कलेक्टरचा. चिन्हाचा कुठला पाय मॉडेलच्या कुठल्या टोकाला जातो ते सांगायची जागा किकॅडमध्ये आहे. मात्र ती भरायची वापरणाऱ्याने, आणि चुकीची भरली तरी कुणी हटकत नाही. बरे, कलेक्टर आणि एमिटर उलटे जोडले तरी ट्रान्झिस्टर ठार बंद पडत नाही. तो उलट्या दिशेने, अगदी कमी गेनवर, म्हणजे सिग्नल फारच थोडा वाढवत, चालत राहतो. पडद्यावर लाटा दिसतात, फक्त खुज्या. शिकणारा मग बिचारा रेझिस्टरच्या किमती बदलत बसतो.

दुहेरी ओपॲम्पची (सिग्नल वाढवणाऱ्या चिपची) गत याहून वाईट. एलएम358 च्या एका चिपमध्ये दोन ओपॲम्प आणि आठ पाय, तर उत्पादकाच्या मॉडेलमध्ये बहुधा एकच ओपॲम्प आणि पाच टोके. ही मोट बांधायला मधली सबसर्किट फाइल (मॉडेल आणि चिप जुळवणारी) अनेकदा आपणच लिहायची. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा फिल्टर काढला आहे, त्याच्याकडून ही अपेक्षा!

त्यातच स्पाइसचा जुना हट्ट. त्याचा जन्म पंचकार्डांच्या काळातला, तेव्हा सगळी अक्षरे मोठीच. म्हणून मूळ स्पाइसमध्ये एम लहान लिहा की मोठा, अर्थ मिली, म्हणजे हजारावा भाग. दशलक्षासाठी मेग लिहायचे. नेटलिस्टमध्ये दहा मेगओहमसाठी हाताने 10एम लिहिणाऱ्याचा रेझिस्टर जवळजवळ तारच होतो.

चूक झाल्यावर मिळणारा संदेश म्हणजे ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ आणि सोबत एखाद्या नोडचे (जोडबिंदूचे) यंत्राने ठेवलेले नाव. खरे कारण अनेकदा इतकेच की दोन कपॅसिटरच्या मधल्या बिंदूला ग्राउंडपर्यंत डीसी (एकदिश प्रवाहाची) वाट नाही. वायरिंग तपासणीच्या चुका किकॅड स्कीमॅटिकवरच बाण लावून दाखवते. मग सिम्युलेशनची चूकही त्याच चित्रावर का दाखवू नये?

सुटे भाग सुटेच राहिले की काय होते याचा दाखला जीईडीए हा सर्किट काढायचा जुना मुक्त संच. स्कीमॅटिकचा प्रोग्रॅम वेगळा, नेटलिस्टचा वेगळा, बोर्डचा वेगळा. तत्त्व म्हणून मला ते आजही आवडते, पण नवे लोक किकॅडकडे गेले. किकॅडमध्येही प्लगइन (जादा सोयींचे जोडप्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांची दमछाक चालू आहे. 2025 च्या नवव्या आवृत्तीत प्लगइनसाठी नवी जोडणी आली आणि जुनी पायथन जोडणी मोडीत काढायचे जाहीर झाले. बदल योग्य आहे, पण जुनी प्लगइन नव्याने लिहायला माणसे हवीत.

मॉडेले किकॅडच्या लायब्ररीत (तयार भागांच्या संग्रहात) का नाहीत, याचे एक कारण परवाना. उत्पादक ती मोफत देतात, पण पुन्हा वाटायची मुभा बहुतेकदा देत नाहीत. भागाची विक्री वाढावी म्हणूनच तर मॉडेल काढायचे, मग त्यावर कुलूप कशाला? ही मुभा मागायचे काम स्वयंसेवकांपेक्षा मोठे ग्राहक चांगले करू शकतील. खरेदीच्या अटींत एक ओळ घातली तरी पुरे.

आणि जे उद्योग किकॅडवर बोर्ड काढून परवान्याचे पैसे वाचवतात, त्यांनी त्यातला काही वाटा लायब्ररी तपासणाऱ्यांसाठी राखावा. नव्या सोयीसाठी देणगी मागितली तर मिळते. पायांचे क्रमांक डेटाशीटशी (उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी) ताडून पाहणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. माझ्याकडे शिकणाऱ्यांना शेवटचे काम मी हेच देते: एक भाग निवडायचा, त्याची तिन्ही रूपे ताडायची आणि दुरुस्ती लायब्ररीकडे पाठवायची. दुरुस्त्या स्वीकारल्या जातात, पण उशिराने, कारण तिकडे त्या तपासणारे हात मोजकेच आहेत.

आपली,
एक सर्किट बोर्ड डिझायनर